निरोप, विलंब आणि घरची वाट

(धनज येथील धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या आदल्या सायंकाळी, जपमाळेनंतर, चर्चच्या पटांगणात केलेले भाषण)



महोत्सवाच्या पूर्वसंध्येस चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आपल्या मंडळाने मला केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मी पुष्कळ विचार केला. चर्चच्या इमारतीचा इतिहास उद्या दुसरे वक्ते सांगणार आहेत. जमाखर्चाचा वृत्तांत आपले चिटणीस देणार आहेत. मग मजसारख्याने काय सांगावे? विचार करता करता असे ध्यानात आले की, उद्याच्या उत्सवासाठी कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून, तर कोणी थेट आखाती देशांतून आपल्या या लहानशा गावी परत आले आहेत. काहींची गाडी अजून वाटेत आहे. आणि काहींची वाट पाहूनही ते येणार नाहीत. तेव्हा आज घरी परतण्याच्या वाटेविषयी, त्या वाटेवर होणाऱ्या विलंबाविषयी, आणि आपण एकमेकांचा जो निरोप घेतो त्याविषयी बोलावे असे मी ठरविले आहे. या विषयात माझे स्वतःचेही काही देणे आहे. ते शेवटी सांगेन.

आपल्या मराठी भाषेत एक फार सुंदर रीत आहे. घरातून बाहेर पडताना आपण ‘जातो’ असे म्हणत नाही. लहान मूल चुकून तसे म्हणाले तर आजी त्यास लगेच थांबविते आणि म्हणते, ‘जातो नाही म्हणू, येतो म्हण.’ मनुष्य निघालेला असतो जाण्यास, परंतु तोंडी शब्द असतो येण्याचा. परदेशच्या भाषा मी थोड्याबहुत शिकलो, पण जाण्याच्या क्षणी येण्याचे वचन इतक्या साधेपणाने देणारा शब्द मला कोठे सापडला नाही. हे वचन आपण नेहमी पाळू शकतो काय, हा प्रश्न निराळा. त्याचाच आज थोडा विचार करू.

प्रथम ज्यांनी आपल्या देशात सुवार्ता आणिली त्यांच्याकडे पाहू. 1838 साली पीटर मरी मर्मिये या धर्मगुरूंनी साव्हॉय प्रांतातील आन्सी येथे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापिला. त्या संघाची पहिली तुकडी 1845 साली हिंदुस्थानाकडे निघाली, आणि पुढील वर्षी विशाखापट्टणास पोहोचली. त्या मिशनच्या अफाट प्रदेशातून 1887 साली नागपूरचा धर्मप्रांत निराळा झाला, आणि नागपूरच्या धर्मप्रांतातून 1955 साली आपला अमरावतीचा धर्मप्रांत जन्मास आला. म्हणजे आपण आज येथे जी जपमाळ म्हटली तिचा एक धागा आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी बांधलेला आहे. ते पहिले फादर निघाले तेव्हा सुएझचा कालवा झालेला नव्हता. तो 1869 साली उघडला. त्या काळी मिशनरी मुलाने घरचा उंबरठा ओलांडला की आईबापांनी त्याचे तोंड पुन्हा पाहण्याची आशा बहुधा सोडूनच द्यावी, अशी स्थिती होती. आपण आपल्या महोत्सवात त्या फादरांचे गुणगान करतो, ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयांचे स्मरण कोण करितो? साव्हॉयच्या डोंगरातील ज्या घरी एका माउलीने आपला मुलगा आपल्यासाठी देऊन टाकला, त्या घराचे ऋण आपल्या कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

आता मराठी ख्रिस्ती मनुष्यास ज्यांचे नाव माहीत असलेच पाहिजे अशा फादर थॉमस स्टीफन्स यांची गोष्ट घ्या. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. 4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून निघाले, आणि 24 ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 10 नोव्हेंबर रोजी, त्यांनी आपल्या वडिलांस एक पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडात छापले गेले. त्या पत्रात प्रवासाचे वर्णन आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वारा पडतो आणि गलबत कित्येक दिवस एकाच ठिकाणी उष्म्यात उभे राहते; पुढे हिरड्या सुजून माणसे आजारी पडतात, कित्येक मरतात; आणि जेव्हा खलाशांस वाटते की आता हिंदुस्थान जवळ आला, तेव्हा कळते की आपण तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेल्या सोकोत्रा बेटाजवळ भलतीकडेच आलो आहो. मग पुन्हा वाट शोधणे आले. अखेर किनारा जवळ आल्याच्या खुणा दिसू लागल्या. प्रथम हिंदुस्थानचे म्हणून ओळखीचे पक्षी दिसले. मग पाण्यावर ताडामाडाच्या फांद्या आणि लव्हाळे तरंगत आले. शेवटी पाण्यात पोहणारे साप आणि नाण्यासारखे वाटोळे असे काही पदार्थ दिसले. या शेवटच्या दोन खुणा पाहिल्या की वारा अनुकूल असल्यास दुसऱ्या दिवशी जमीन दिसणारच, असे खलाशी समजत.

बंधूंनो, या खुणांचा मी अनेकदा विचार केला आहे. जमीन दिसण्याच्या आधी जमिनीवरील लहानसहान वस्तू समोर येतात. वृद्ध व आजारी माणसाच्या उशाशी बसलो असता मला हे पत्र आठवते. स्वर्गाचा किनारा आपणांस दिसत नाही. पण त्या किनाऱ्यावरून वाहत आलेली एखादी फांदी कधी कधी दिसते. आयुष्यभर भांडलेला भाऊ अचानक क्षमा मागतो, विसरलेली प्रार्थना ओठांवर येते, चेहऱ्यावर शांतता पसरते. जाणत्या खलाशाने त्यावरून ओळखावे की जमीन दूर नाही.

फादर स्टीफन्स इंग्लंडास पुन्हा गेले नाहीत. सुमारे चाळीस वर्षे ते गोव्यात, मुख्यत्वेकरून साष्टी प्रांतात राहिले, आणि 1619 साली तेथेच देवाघरी गेले. 1616 साली त्यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. परक्या मातीत जन्मलेल्या मनुष्याने आपल्या मराठीत ओवी रचावी, आणि ती चार शतके टिकावी, हे कसे घडले? मला वाटते, ज्यास परतीची वाट उरली नाही त्याने आपल्या भाषेतच घर बांधले. ज्या वडिलांस त्यांनी ते पत्र लिहिले, त्यांच्या घरी ते परतले नाहीत. पण तुमच्या आमच्या घरी ते कायमचे येऊन राहिले.

संत फ्रान्सिस झेवियर यांचे चरित्र तर तुम्हा सर्वांस ठाऊक आहे. तथापि त्यांच्या प्रवासातील विलंबाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. 7 एप्रिल 1541 रोजी ते लिस्बनहून निघाले आणि 6 मे 1542 रोजी गोव्यास उतरले. तेरा महिने! मोसमी वारे निघून गेल्यामुळे त्यांस मोझांबिक येथे कित्येक महिने थांबणे भाग पडले. दुसरा कोणी असता तर किनाऱ्यावर बसून वाऱ्यास दोष देत राहिला असता. या संताने तेथील आजाऱ्यांची शुश्रूषा केली. पुढे 1552 साली चीन देशात प्रवेश मिळावा म्हणून ते सांचियन बेटावर थांबले. कँटनला नेण्याचे कबूल केलेला एक चिनी व्यापारी येणार होता. ते त्याची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. 3 डिसेंबर रोजी, चीनचा किनारा समोर असताना, त्या बेटावर त्यांचे देहावसान झाले. त्यांचे शरीर प्रथम मलाक्का येथे नेण्यात आले, आणि 1554 च्या मार्चमध्ये ते गोव्यास पोहोचले. ज्या माणसाला उतारू म्हणून नौका मिळाली नाही त्याचे शव हजारो लोकांनी मिरवीत नेले. आपल्या वेळापत्रकाप्रमाणे पाहिले तर हा प्रवास अपुरा राहिला. देवाच्या वेळापत्रकाचा हिशेब आपल्या हाती नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. परतीच्या वाटेची सर्वांत गोड कथा तोबीतच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक आपल्या कॅथोलिक बायबलात आहे हे आपले भाग्यच. वृद्ध, आंधळा तोबीत आपल्या मुलास, तोबियास, दूर मेदिया देशी ठेवलेले द्रव्य आणावयास पाठवितो. मुलगा एका सोबत्यासह निघतो. तो सोबती म्हणजे देवदूत रफाएल, हे कोणास ठाऊक नाही. त्यांच्यामागे घरचा कुत्राही निघतो. वाटेत तोबियाचे सारेशी लग्न होते, आणि सासरे रगुएल आग्रह करतात की चौदा दिवस येथून हलावयाचे नाही. तिकडे मेजवानी चालू आहे, आणि इकडे निनवे शहरी आईबाप दिवस मोजीत आहेत. बाप म्हणतो, काही कामात अडकला असेल. आई हन्ना म्हणते, माझा मुलगा गेला. ती रोज वाटेवर जाऊन उभी राहते, दिवसा अन्न घेत नाही, रात्री रडते. नवरा तिची समजूत घालतो. ती त्याला म्हणते, मला फसवू नका.

माझ्या भगिनींनो, ही हन्ना तुमच्या ओळखीची नाही काय? आपल्या गावच्या फाट्यावर ती मी अनेकदा पाहिली आहे. अमरावतीहून येणारी शेवटची बस निघून जाईपर्यंत ती तेथे उभी असते. मुलाचा फोन लागत नाही म्हणून ती रात्री दोनदा उठते. तोबियाची काही चूक नव्हती. तो चैनीत राहिला नव्हता, प्रेमाने अडविला गेला होता. त्याच्याही मनात आईबापांची काळजी होतीच. पवित्र लेखक सांगतो की तो रगुएलला म्हणाला, मला जाऊ द्या, माझे आईबाप आता आशा सोडून बसले असतील. एकाच विलंबाला दोन बाजू असतात. वाटेवर असणारा एक बाजू जाणतो. उंबरठ्यावर असणारी दुसरी. दोघांसही एकमेकांची बाजू दिसत नाही, आणि म्हणून दोघेही उगाच अधिक दुःख भोगतात.

असो. आता माझे देणे.

तुम्हांस माहीत आहे की माझी ताई या गावात दिली आहे. वडील वारल्यावर आई तिच्याकडेच राहावयास आली. 2018 च्या ऑक्टोबरात आपल्या महागुरुस्वामींच्या आज्ञेने मी इटलीच्या उत्तर भागातील एका लहान गावी, तेथील वृद्ध धर्मगुरूंच्या मदतीस गेलो. निघण्याच्या दिवशी आईने हट्ट धरला की मूर्तिजापूर स्टेशनपर्यंत मी येणार. तिचे वय त्या वेळी ऐंशीच्या घरात. आम्ही वेळेवर पोहोचलो. गाडी मात्र तीन तास उशिरा होती. मी अस्वस्थ झालो. मुंबईचे विमान चुकेल की काय, या विचाराने मी फलाटावर येरझाऱ्या घालू लागलो. आई बाकावर शांत बसली होती. पलीकडे यवतमाळच्या छोट्या गाडीचे अरुंद रूळ दिसत होते. 1994 पर्यंत ती गाडी वाफेच्या इंजिनावर चालत असे. आई त्या रुळांकडे पाहून सांगू लागली की याच गाडीने ती कारंज्याहून प्रथम सासरी आली. गाडी इतकी सावकाश चाले की नवऱ्या मुलीचे रडणे थांबून तिला भूक लागेपर्यंत दोन स्टेशनेसुद्धा होत नसत. मी हसलो आणि तिच्याजवळ बसलो. मग तिने वडिलांच्या, माझ्या बाळपणाच्या, मृत झालेल्या एका भावंडाच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. त्यांतील काही मी पूर्वी कधीच ऐकल्या नव्हत्या. डब्यातील भाकरी आणि ठेचा आम्ही दोघांनी मिळून खाल्ला. शेवटी गाडी आली. मी म्हणालो, ‘आई, येतो.’ ती म्हणाली, ‘सावकाश ये, बापा. पण ये.’

त्या तीन तासांबद्दल मी मनातल्या मनात किती कुरकुर केली होती! ते तीन तास मला देवाने दिले होते. ती गाडी वेळेवर येती तर आईजवळ माझे शेवटचे निवांत बसणे झालेच नसते. हे मला दीड वर्षाने कळले.

2020 च्या ईस्टरनंतर, एप्रिलच्या मध्यास, मी परतावे असे ठरले होते आणि तिकीटही हाती होते. मार्च महिन्यात काय घडले हे तुम्ही जाणता. इटली देश बंद झाला. नंतर आपला देशही बंद झाला. परदेशाहून येणारी विमाने थांबली. माझे तिकीट म्हणजे निव्वळ कागद ठरला. 27 मार्चच्या सायंकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या ओस पडलेल्या चौकात, पावसात, एकट्याने साऱ्या जगासाठी प्रार्थना केली. त्या वेळी मी माझ्या खोलीत गुडघ्यांवर होतो, आणि खरे सांगावयाचे तर साऱ्या जगासाठी प्रार्थना करण्याइतके माझे मन मोठे नव्हते. मी फक्त घरी जाण्यासाठी प्रार्थना करीत होतो.

त्या गावी तेव्हा माणसे भराभर मरत होती. चर्चमध्ये अंत्यविधी करण्यास मनाई होती. मी दफनभूमीच्या दाराशी जाई, शवपेटीवर पवित्र जल शिंपडी, थोडक्यात प्रार्थना करी आणि परत येई. आप्तस्वकीय बहुधा नसत; ते आजारी असत, नाहीतर दूरच्या शहरी अडकलेले असत. एके दिवशी एका वृद्ध बाईची पेटी आली. तिचा मुलगा परदेशी होता. त्याने दूरध्वनीवर मला विनविले की, माझ्या वतीने पेटीवर आपला हात ठेवा. मी हात ठेविला, आणि तो पलीकडे रडू लागला. त्या दिवशी मी त्याला धीराचे शब्द सांगितले. उत्तम शब्द होते ते. सेमिनरीत शिकलेले आणि पुष्कळ वर्षे वापरलेले.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, येथे उन्हाचा कहर असताना, माझी आई गेली. तिला त्या साथीचा आजार नव्हता; वार्धक्याने तिचे हृदय थकले होते. पहाटे तिने ताईला हाक मारिली, पाणी मागितले, आणि थोड्याच वेळात शांत झाली. आदल्या रविवारी तेव्हाचे आपले फादर येऊन तिला रुग्णाभ्यंग व ख्रिस्तप्रसाद देऊन गेले होते, ही देवाची मोठी दया. मला फोन आला तेव्हा इटलीत रात्र होती. मी उठलो, बूट घातले, आणि दारापर्यंत जाऊन उभा राहिलो. कोठे जाणार होतो? गाडी नव्हती, विमान नव्हते. माझ्या तोंडचे उत्तम शब्द त्या रात्री माझ्या काही उपयोगी पडले नाहीत. मी देवावर रागावलो. हे मी आज तुमच्यासमोर लपवीत नाही, कारण तुमच्यापैकीही कोणी तसा रागावला असेल, आणि त्यास वाटत असेल की आपण फार मोठे पापी आहो.

त्या दिवशी येथे काय घडले ते मला नंतर कळले. अंत्ययात्रेस वीसच माणसांची परवानगी होती. तुमच्यापैकी सहा जणांनी, भर उन्हात, ढेकळे फोडून काळ्या जमिनीत कबर खणली. त्यांपैकी दोघे आपल्या चर्चचे नव्हते. ते ताईचे शेजारी होते. आपल्या धर्मशिक्षक मास्तरांनी फोन हातात धरून मला तो विधी ऐकविला. मध्येच आवाज तुटत होता. मला निम्मी प्रार्थना ऐकू आली आणि निम्मी मी तिकडून पुरी केली. माती टाकण्याच्या वेळी मास्तर म्हणाले, ‘फादर, तुमच्या नावाची मूठ मी टाकतो.’ आणि त्यांनी टाकली.

तेव्हा, बंधूंनो, मला त्या इटालियन बाईची पेटी आठवली. तिच्या मुलाचा हात म्हणून माझा हात ठेवला गेला होता. माझी मूठ म्हणून मास्तरांची मूठ पडली. कोण कोणासाठी कोठे उभा राहील याची योजना माझ्या हाती नव्हती, पण जागा रिकामी राहिली नाही. साव्हॉयच्या आयांचे मुलगे आपल्या आजोबापणजोबांच्या उशाशी बसले. त्या आयांच्या उशाशी दुसरे कोणी तरी बसले असेल. ख्रिस्तसभा म्हणजे काय, हे मी पुस्तकांतून शिकलो होतो. त्या दिवशी ते मला कळले.

परतण्याचा माझा प्रवास त्यानंतर एक महिन्याने झाला. 7 मे 2020 पासून सरकारने परदेशी अडकलेल्यांस आणण्यासाठी विमाने सुरू केली होती. मला जूनच्या मध्यास जागा मिळाली. विमान दिल्लीस उतरले. सात दिवस एका खोलीत एकांतवास, मग रेल्वेने नागपूर, मग परवाना काढून मोटारीने अमरावतीवरून धनज. पुढे आणखी सात दिवस याच चर्चच्या मागील खोलीत. ताई खिडकीबाहेर येऊन उभी राही आणि आम्ही लांबूनच बोलत असू. पाऊस पडून गेला होता; पेरण्या चालल्या होत्या. सात दिवस संपल्यावर मी आईच्या कबरीवर गेलो. तिच्यावर गवताचे कोंभ आले होते. मी तिला काय म्हणणार? मी म्हणालो, ‘आई, आलो.’

त्या संध्याकाळी ताईने एक पत्र्याचा डबा उघडला. आईने उन्हाळ्यात माझ्यासाठी सरगुंडे करून ठेवले होते. मी एप्रिलात येणार म्हणून, आंब्याच्या रसाबरोबर खावयास. आंबे संपले होते. ताईने ते दूध आणि गूळ घालून वाढले. आम्ही दोघे जेवलो. आईचे शब्द मला तेव्हा पुन्हा ऐकू आले: सावकाश ये, पण ये. विलंबाची क्षमा तिने मला आधीच, स्टेशनवरच, करून ठेविली होती.

आता शुभवर्तमानातील एक प्रसंग सांगून मी पुरे करतो. लाजर आजारी असल्याचा निरोप प्रभू येशूस मिळाला, आणि तरी तो दोन दिवस होता तेथेच राहिला. तो बेथानीस पोहोचला तेव्हा लाजरास कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्थेने वाटेवरच त्यास गाठून तक्रार केली की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. प्रभूने तिला रागे भरले नाही. आपण का उशीर केला याचा बहाणाही सांगितला नाही. तो कबरेपाशी गेला आणि रडला. स्वतः देवाचा पुत्र एका घरी उशिरा पोहोचला, त्याने तक्रार ऐकून घेतली, तो रडला, आणि मग त्याने मृताला हाक मारिली. जे उशिरा पोहोचतात त्यांच्याही पुढे तो चाललेला आहे, आणि जे दारात वाट पाहत रागावले आहेत त्यांच्याही जवळ तो उभा आहे.

यावरून मला तुम्हांस तीन विनंत्या करावयाच्या आहेत. त्या धर्मगुरू म्हणून करतो, आणि उशिरा पोहोचलेला मुलगा म्हणूनही करतो.

पहिली: घरी कोणी गंभीर आजारी असेल तर धर्मगुरूस वेळेवर बोलवा. पुण्याहून मुलगा येऊ द्या, मग फादरांस बोलवू, असे म्हणू नका. मुलाची गाडी उशिरा येऊ शकते. संस्कार देण्यास मी रात्री दोन वाजतादेखील येईन. माझ्या आईला रविवारीच ख्रिस्तप्रसाद मिळाला होता, यापेक्षा मोठे सांत्वन मला त्या वर्षी दुसरे कोणतेच मिळाले नाही.

दुसरी: जो अंत्यविधीस पोहोचू शकला नाही त्याला बोल लावू नका. तो आधीच स्वतःला पुष्कळ बोल लावीत असतो. त्याला कबरीवर घेऊन जा, त्याच्याबरोबर एक जपमाळ म्हणा, आणि घरी नेऊन जेवू घाला.

तिसरी: निरोप घेताना घाई करू नका. आता समृद्धी महामार्ग झाला. नागपूर आणि मुंबई जवळ आली. 2025 साली तो पूर्ण खुला झाल्यापासून आपली मुले एका दिवसात येतात आणि त्याच दिवशी परत जातात. रस्त्याने वाचविलेला तो वेळ कोणासाठी वाचविला, याचा थोडा विचार करा. उंबरठ्यावर आईजवळ अर्धा तास बसा. कोणाशी अबोला असेल तर तो सोडूनच गाडीत पाय ठेवा.

उद्या मिस्सा झाल्यावर आपण सारे प्रथेप्रमाणे दफनभूमीत जाणार आहोत. तेथे आपल्या आजोळची, माहेरची, शेजारची माणसे निजली आहेत. त्यांचा निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणू नये. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे, म्हणून आपली आपल्या आजीने शिकविलेली साधी रीतच खरी आहे. फुले ठेवावी, क्रूसाची खूण करावी, आणि हळूच म्हणावे, ‘येतो.’ त्या वाटेवर कोणाला किती विलंब होईल हे देव जाणे. मात्र त्या घरी आपली वाट पाहिली जात आहे, आणि तेथला डबा कोणासाठी तरी भरून ठेवलेला आहे, इतके निश्चित.

ज्यांनी माझ्या आईची कबर खणली, त्या सहा जणांस मी आज सर्वांसमक्ष हात जोडतो. तुमचे उपकार मजकडून फिटणार नाहीत. पवित्र मारिया माता, जी स्वतः बाळास घेऊन मिसर देशी परक्यासारखी राहिली आणि परत नासरेथास आली, ती तुम्हा सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर सोबत असो. आणि तोबियाचा सोबती रफाएल आपल्या दूर असलेल्या लेकरांस, सावकाश का होईना, सुखरूप घरी आणो.

आमेन.